एक ॲडमिट हातात, एक वेटलिस्ट, बाकीचे गप्प. १५ एप्रिलपर्यंत थांबू का?

तुझा प्रश्न वाचून आधी हसू आलं अन् मग पोटात तोच जुना गोळा आला. म्हंजे थोडक्यात असं ना, की तू नागपूरची, एमएस्सी केमिस्ट्री, अमेरिकेत पीएचडीसाठी आठ ठिकाणी अर्ज केले, तीन नकार आले, एक होकार आला तो जानेवारीच्या शेवटीच, एका मोठ्या नावाच्या ठिकाणी वेटलिस्ट, अन् बाकीचे तिघं मार्च संपत आला तरी तोंड उघडायला तयार नाहीत. घरचे म्हणतात मिळालंय ते घे, मैत्रिणी म्हणतात थांब, तू रात्रभर मेल रिफ्रेश करतेस. वरून नेट-जेआरएफ, म्हंजे इथल्या पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, निघालीये, तर इथंच राहू का हा तिसरा फाटा.

मी यातून गेलोय. इथल्याच एलआयटी कॉलेजातून केमिकल इंजिनिअरिंग केलं, तिकडे पीएचडी केली अन् परत नागपुरातच आलोय, तर जे माहीत आहे तेवढं सांगतो. अरे-तुरे करतोय, माझ्या लहान बहिणीएवढी असशील, राग मानू नको.

पहिले ती रात्रभर जागायची गोष्ट. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हापासून पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो, म्हंजे त्यांचं नऊ ते पाच हे आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. कॅलिफोर्नियावाले आणखी तीन तास मागे. त्यामुळे दुपारी बारा वाजता पोर्टल उघडून बघणं म्हंजे बंद दुकानाचं शटर वाजवणं आहे, तिकडे सगळे झोपलेत. मला पहिला होकार रात्रीच आला होता पण कळला सकाळी, पोह्याच्या ठेल्यावर. एका हातात प्लेट, पोह्यावर तर्री, अंगठ्याला तेल, अन् फोन काही केल्या अंगठा ओळखेना. पँटला पुसला, शर्टला पुसला, शेवटी ठेलेवाल्या काकांनी पाण्याचा जग पुढे केला. रात्री वाचला असता तर काय फरक पडला असता? काहीच नाही. म्हणून झोपायच्या आधी एकदा अन् सकाळी उठून एकदा, बस. तो आठ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल ना, ज्यात कुणाला कुठून आलं ते येत राहतं, तो पण म्यूट कर.

आता हे जे तिघं गप्प आहेत त्यांचा अर्थ. डिपार्टमेंट सगळी पत्रं एकदम पाठवत नाही. आधी वरच्या काही जणांना पाठवतात, त्यातले किती हो म्हणतात ते बघतात, जागा उरल्या की पुढच्यांना. मधल्या लोकांना ना हो ना नाही, त्यांना नुसतं लटकवून ठेवतात, ती एक न सांगितलेली वेटलिस्टच असते. मार्चअखेर गप्प म्हंजे पहिल्या फेरीत तू नाहीस एवढं धरून चाल, त्यापुढे काही काढू नको त्यातून. पण एक कर, तिन्ही पोर्टलमध्ये जाऊन सगळी कागदपत्रं पोचल्याची खूण आहे का ते बघ. मी एका ठिकाणी तीन आठवडे 'विचार चालू असेल' असं समजून बसलो होतो अन् तिकडे माझी ट्रान्सक्रिप्ट मिळालीच नाही असं लिहून होतं, त्याचा मेल स्पॅममध्ये. फाईल कुणी बघितलीच नव्हती. विचारायचं असेल तर ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला, म्हंजे डिपार्टमेंटच्या ऑफिसात अर्जांचं काम बघणाऱ्याला, एकदाच, चार ओळींत. प्रोफेसरला रोज गुड मॉर्निंग पाठवायचं नाही.

१५ एप्रिलचं नेमकं काय ते समजून घे, कारण अर्धे लोक याला शेवटची तारीख म्हणून घाबरतात, खरं तर ती तुझ्या बाजूने आहे. तिकडच्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे, त्यावर सही केलेल्या विद्यापीठांनी फंडिंगसकट ऑफर दिली असेल तर १५ एप्रिलच्या आधी उत्तर देण्याचं बंधन विद्यार्थ्यावर नाही. कुणाकुणाची सही आहे ती यादी कौन्सिलच्या साईटवर आहे, तुझं विद्यापीठ त्यात आहे का ते आजच बघ. असेल अन् कुणी 'चार दिवसांत सांगा' म्हणत असेल तर नम्रपणे त्या ठरावाची आठवण करून दे, कुणी रागवत नाही. हे फंडिंगवाल्या ऑफरसाठी आहे हं. स्वतःच्या पैशाने एमएसला जाणाऱ्यांना डिपॉझिटची जी तारीख दिली असेल ती पाळावीच लागते, तुझ्या मैत्रिणी एमएसवाल्या असतील तर त्यांचे नियम तुला लावू नको.

आपल्याकडे एमटेकला आयआयटीच्या कोॲपमध्ये, म्हंजे सगळ्यांच्या ऑफरी एकाच जागी येतात त्या पोर्टलवर कसं, अॅक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट, तीन पर्याय समोर, फेरीमागून फेरी. अमेरिकेत तसं एकच पोर्टल नाही, प्रत्येक डिपार्टमेंट आपापलं. म्हणून सगळे १५ तारखेपर्यंत ऑफरी धरून बसतात अन् वेटलिस्ट शेवटच्या तीन-चार दिवसांत एकदम हलते. तुझी हलली तर तेव्हाच हलेल. अन् हलली तर ऐन वेळी तुझं डोकं चालणार नाही, माझं नव्हतं चाललं, तेच सांगायचंय मला मुख्य.

माझं असं होतं. जानेवारीत एका मधल्या राज्यातल्या विद्यापीठाचा होकार आलेला, नाव इथं कुणाला माहीत नाही, आत्याने दोनदा विचारलं अन् दोनदा विसरली. मी त्या दिवशी नाचलो होतो, घरी श्रीखंड आणलं होतं. पण फेब्रुवारी गेला, मार्च गेला, तो होकार जुना झाला. रोज घरातच असलेल्या वस्तूकडे आपण बघत नाही ना, तसं. अन् जी वेटलिस्ट होती, पूर्वेकडचं मोठं नाव, ती मात्र रोज नवी, रोज स्वप्नात. १३ एप्रिलची रात्र. आमचं घर लक्ष्मीनगरकडे, दीक्षाभूमी जवळच. दुपारीच बाबांनी कूलर काढून खसच्या नव्या ताट्या लावल्या होत्या, घरभर ओल्या खसचा वास. बाराला जयंतीचे फटाके सुरू झाले, आम्ही सगळे गच्चीवर बघायला गेलो, अन् त्या आवाजात खिशात फोन थरथरला. वेटलिस्टवाल्यांचा मेल. काँग्रॅच्युलेशन्स. मी गच्चीवरच ओरडलो, शेजारच्यांना वाटलं फटाका लागला.

आई रडली, मी त्याच मिनिटाला हो लिहायला बसलो. बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले, इंग्रजी पत्र अक्षर न् अक्षर वाचायची सवय. चष्मा लावून फोन लांब धरून वाचलं अन् म्हणाले, "पहिल्या वर्षाचं लिवलंय. दुसऱ्या वर्षी कोन देईन पैसे?"

मी म्हटलं बाबा, एवढी मोठी युनिव्हर्सिटी आहे, देतीलच. ते म्हणाले, "मंग लिवायला काय जाते त्याईचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. १४ ला सुट्टी होती, दिवसभर घरात बसून दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली, पहिल्यांदाच. जुन्यात पाच वर्षांची हमी, समाधानकारक प्रगतीच्या अटीवर, जी सगळीकडेच असते. बारा महिन्यांचा स्टायपेंड, ट्युशन माफ, हेल्थ इन्शुरन्स त्यांच्याकडून. अन् एक प्रोफेसर, ज्याच्याशी मी झूमवर तासभर बोललो होतो अन् ज्याने मला पाण्यातल्या फ्लोराईडबद्दल विचारलं होतं, कारण मी अर्जात चंद्रपूरकडच्या विहिरींचं लिहिलं होतं. नव्यात पहिलं वर्ष नऊ महिन्यांचं फंडिंग, उन्हाळ्याचं काही नाही, पुढचं गाईड मिळण्यावर, अन् ज्या दोघांसाठी मी तिथे अर्ज केला होता त्यातला एक त्या वर्षी विद्यार्थी घेतच नव्हता. दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली असती तर मी दोन मिनिटं पण विचार केला नसता. मला ते मोठं नाव उशिरा आलं म्हणून गोड लागत होतं.

त्या संध्याकाळी मी मोठ्या नावाला नाही म्हटलं. आनंदाने बिनंदाने काही नाही, हात कापत होते, अन् पुढचे सहा महिने कुणी 'कुठे चाललास' विचारलं की नाव सांगून मीच पुढे राज्याचं नाव जोडायचो. तर तुझी वेटलिस्ट अजून हलली नाही तोवरच, आज, जानेवारीवालं पत्र पुन्हा काढ अन् ते आज सकाळी आलंय असं समजून वाच. कागदावर लिहून ठेव की वेटलिस्टवाल्यांनी काय दिलं तरच तू हे सोडशील. किती वर्षांची हमी, किती महिन्यांचा स्टायपेंड, कोणता गाईड. मेल आला की त्या कागदाशी ताडून बघ.

स्टायपेंडला डॉलरच्या भावाने गुणू नको, तो हिशोब आत्याला सांगायला ठीक. एमआयटीचं लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटर आहे, त्यात काउंटीप्रमाणे, म्हंजे तिकडच्या जिल्ह्याप्रमाणे, एकट्या माणसाला राहायला किती लागतं ते दिसतं, तुझा वर्षाचा आकडा त्याच्या शेजारी ठेव. मोठ्या शहरातला जास्त स्टायपेंड घरभाड्यातच जातो. विद्यापीठाची फी म्हणून वेगळी कापतात का, ते पत्रात नसतं बऱ्याचदा, विचार. अन् हे सगळं प्रोफेसरला नाही, त्याच्याच लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना विचार, शक्यतो फोनवर, मेलमध्ये लोक गोड लिहितात. मी एकच प्रश्न सगळ्यांना विचारायचो: तुमच्या लॅबमधून मधेच कोण सोडून गेलं अन् आता ते कुठे आहेत? लगेच नावं सांगितली तर ठीक. तीन सेकंद गप्प झाले तर समजून घ्यायचं बाप्पा.

जेआरएफचं, तो फाटा कमी समजू नको, पण तो या दोघांसारखा पण नाही. जेआरएफ म्हंजे पैसे आहेत, जागा नाही. २०२३ पासून महिन्याला ३७,००० अन् दोन वर्षांनी एसआरएफ, म्हंजे तिचीच सीनियर पायरी, झाली की ४२,०००, एचआरए वेगळा. गाईड तुलाच शोधायचा. केमिस्ट्री असेल तर पुण्याची एनसीएल, म्हंजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, बघ, घराजवळ राहायचं असेल अन् पाणी-हवा-कचरा यात रस असेल तर आपली नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था नीरी आहेच. मात्र 'अमेरिकेचं नाही जमलं तर' म्हणून एखाद्या गाईडकडे जाऊ नको, त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. तिथल्या कुणाचं काम खरंच आवडतंय का, एवढंच बघ, अन् आवडत असेल तर मग तिसरा फाटा नाही, बरोबरीचा आहे.

वेटलिस्टवाल्यांना मेल जरूर टाक, अजून इच्छुक आहे, डिसेंबरनंतर हे हे नवीन झालं, एखादा पेपर वगैरे, एवढंच. 'तुम्ही दिलं तर शंभर टक्के येईन' हे खरं असेल तरच लिही, वरचा कागद भरून झाल्यावर. अन् कुठल्या प्रोफेसरने 'वुई वुड लव्ह टू हॅव यू' लिहिलं तर ती ऑफर नाही, ग्रॅज्युएट स्कूलचं पत्र येईपर्यंत काही नाही. हातातल्यांकडून आठवडाभर जास्त मागायचा असेल तर ते पण मागता येतं, देतीलच असं नाही, पण विचारल्याने ॲडमिट काढून घेत नाहीत. उरलेल्या तिघांपैकी कुठून उद्या होकार आला अन् जायचंच नसेल तर धरून ठेवू नको, त्याच दिवशी नाही कळव. तिथल्या वेटलिस्टवर अकोल्याची कुणीतरी पोर तुझ्यासारखीच रात्र काढत असेल.

हो म्हटल्यावर आय-२० साठी, म्हंजे व्हिसाला लागणाऱ्या विद्यापीठाच्या कागदासाठी, फंडिंगचं पत्रच पुरावा म्हणून चालतं, बाबांच्या एफडी मोडायची गरज सहसा पडत नाही. सेव्हिसची, म्हंजे तिकडच्या सरकारच्या परदेशी विद्यार्थी नोंदणीची, फी ३५० डॉलर, ती भरून मुंबईच्या व्हिसा स्लॉटच्या मागे लागायचं, अन् विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट स्लॉट मिळाला की लगेच काढ, मे महिन्यात वेटिंगच असते, तिथे पण.

मेल आज संध्याकाळी साडेसातनंतर पाठव, पूर्वेकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. विषयात पूर्ण नाव अन् ॲप्लिकेशन नंबर टाक, नाहीतर उत्तर येतं 'तुम्ही कोण', अन् तुझा आणखी एक दिवस जातो.