पेशंट नको म्हणून रेडिओलॉजी?

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. इंटर्नशिप संपली आणि नीट-पीजीत रँक बरी आली, त्यामुळे रेडिओलॉजीची सीट मिळेल असं दिसतंय. घरचे सगळे म्हणतात, ‘डोळे मिटून रेडिओ घे. रात्रीची धावपळ नाही, पैसा चांगला, संसारही नीट होईल.’ खरं सांगायचं तर मला वॉर्डातल्या गर्दीची, अंगावर धावून येणाऱ्या नातेवाइकांची भीती वाटते. म्हणूनही रेडिओ बरं वाटतं. पण एवढ्या कारणावर आयुष्यभराची ब्रँच निवडावी का? शिवाय बाबा विचारतात, एआय आल्यावर या ब्रँचचं काय होणार? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : भीतीचं तू मोकळेपणाने लिहिलंस, म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. माणसं टाळायला रेडिओलॉजी घेऊ नकोस, कारण ती इथे टळत नाहीत. ठाण्यातल्या नौपाड्यात माझं सोनोग्राफी सेंटर आहे, त्याला २१ वर्षं झाली. सकाळी दहाला बाहेरच्या बाकांवर लोक पोटभर पाणी पिऊन, लघवी दाबून बसलेले असतात आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी दार ढकलून ‘आमचा नंबर कधी?’ विचारतं. आत आले की त्यांच्या पोटावर जेल लावून मी हातभर अंतरावर बसते. इतक्या जवळ आणि इतका वेळ बरेच फिजिशियनही बसत नाहीत.

पाचव्या महिन्याच्या स्कॅनला आलेली बाई पडद्याकडे कमी आणि माझ्या चेहऱ्याकडे जास्त बघते. बाळाच्या हृदयाची हालचाल दिसली नाही तर मी कोन बदलते, प्रोब फिरवते, पुन्हा पुन्हा बघते. मग सांगावं लागतं. सुरुवातीची काही वर्षं ‘तुमचे डॉक्टर सांगतील’ म्हणून मी सुटका करून घेतली. ते मला आजही बोचतं. आता स्टूल ओढून तिच्या शेजारी बसते, आईला किंवा नवऱ्याला आत बोलावते आणि मीच सांगते.

आणि ‘पेढा की बर्फी?’ हा प्रश्न. अजूनही विचारतात, हसत हसत विचारतात. १९९४ च्या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याने गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा एफ फॉर्म भरावा लागतो आणि त्यातली चूकही महागात पडते. डॉक्टर मंडळी त्या कागदांना कंटाळतात. मी कंटाळत नाही, कारण आमच्याच हातातल्या यंत्राने किती मुली गेल्या हे मला ठाऊक आहे. नातेवाइकांना तोंडावर ‘नाही’ म्हणता येणं हा या ब्रँचच्या कामाचाच भाग आहे.

आता मी ही ब्रँच का घेतली ते सांगते. १९९८ साली मी इंटर्न होते, मेडिसिन घ्यायचं ठरलेलं होतं. दोन-अडीच वर्षांचा एक मुलगा आला. महिनाभर खोकला, छातीत शिट्टी, दम्याचं औषध चालू. छातीचा एक्स-रे आम्हा सगळ्यांना नॉर्मल वाटला. रेडिओलॉजीच्या सरांनी फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘उजवं फुफ्फुस जरा जास्त काळं नाही का गं? त्याला उजव्या कुशीवर झोपवून अजून एक काढा.’ निरोगी फुफ्फुस खाली आलं की अंगाच्या भाराने दबतं. याचं दबलं नाही, फुगलेलंच राहिलं. हवा आत जात होती, पण पुरती बाहेर येत नव्हती. दुर्बिणीने उजव्या श्वासनलिकेतून शेंगदाण्याचा तुकडा निघाला. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही! सरांनी तो पाहिलाच नव्हता, त्यांनी फक्त चित्राला आणखी एक प्रश्न विचारला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत एक्स-रेचा शोध लावणाऱ्या राँटगेनला एक पडदा विनाकारण चमकताना दिसला. तो का चमकतोय, या एकाच प्रश्नामागे तो पुढचे सात आठवडे लागला. तसं काही तुझ्यात आहे का, ते बघ. एखादी सावली पटली नाही तर तुला चैन पडतं का? चैन पडत असेल, तर पुढचं सगळं जड जाईल.

कारण इथली चूक आवाज न करता होते. २००९ साली बाइकवरून पडलेल्या एका गृहस्थांचा एक्स-रे मी पाहिला. बरगडी मोडलेली दिसली, तसा रिपोर्ट दिला आणि पुढची फिल्म उचलली. उजव्या कॉलरबोनमागे छोटी गाठ होती. आठ महिन्यांनी ती दुसऱ्या कुणालातरी दिसली, तेव्हा ती मोठी झाली होती. एक सापडलं की नजर थांबते, हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा सापळा. तेव्हापासून मी प्रत्येक छातीत कॉलरबोनच्या मागे, हृदयाच्या मागे आणि छाती-पोटामधल्या पडद्याच्या (डायफ्रामच्या) घुमटाखाली मुद्दाम बघते, दिवसाची शंभरावी फिल्म असली तरी.

रात्रीचं म्हणशील तर रेसिडेन्सीची तीन वर्षं विसर. घोडबंदर रोडवरचे अपघात रात्रीच जास्त येतात. पक्षाघाताच्या पेशंटला गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीवर बघून सांगणारी, पहाटे तीनला, तू असशील. पुढे दिवसाची नोकरी मिळते, घरून रिपोर्टिंगही करता येतं. पैसा आहे. मात्र स्वतःचं सेंटर काढलंस तर एमआरआयला कोट्यवधी लागतात आणि बँकेचे हप्ते आधी जातात.

बाबांना सांग, २०१६ साली एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवा असं जाहीर म्हटलं होतं. पाच वर्षांत यंत्र सरस ठरेल असा त्यांचा अंदाज होता. ती पाच वर्षं कधीच उलटली, आणि इथली सेंटरं अजून रेडिओलॉजिस्ट शोधताहेत. एक्स-रेत क्षयाची शंका दाखवणारी सॉफ्टवेअर आलीत, मला ती हवीच आहेत. २००९ साली असतं तर बरं झालं असतं. पण मुलाला कुशीवर झोपवा, हे कुणालातरी सुचावं लागतं.

चॉइस भरण्याआधी एक शनिवार माझ्याकडे ये. सकाळी सोनोग्राफीला माझ्या मागे उभी राहा, दुपारी रिपोर्टिंगला शेजारी बस. पत्ता संपादकांकडे ठेवला आहे. येताना डबा आण, आम्ही दोनच्या आधी जेवत नाही.