वाचकांचे प्रश्न : शेवटची पाकळी का बसत नाही?

प्रश्न : खिद्रापूरच्या (जि. कोल्हापूर) कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपावरून, म्हणजे मधोमध उघड्या छताच्या मंडपावरून, ६० सेंमी चौरस कॅनव्हासवर बारा पाकळ्यांचं अमूर्त चित्र करायला घेतलं आहे. शेवटची पाकळी दर वेळी अरुंद होते. काय चुकतं?

उत्तर : चूक शेवटच्या पाकळीत नाही, ती पहिल्यापासून साठत आलेली असते. एकीला लागून दुसरी असं आखत गेलं की प्रत्येक ठिकाणचा अर्धा मिलिमीटर पुढे ढकलला जातो, आणि बाराव्या पाकळीला जवळजवळ अर्धा सेंमी जागा कमी पडते. कोनमापकानेही भागत नाही. २४ सेंमी त्रिज्येवर एक अंश चुकला तर टोक चार मिलिमीटर सरकतं.

आधी कॅनव्हासचे दोन्ही कर्ण मोजा. तयार कॅनव्हास पुष्कळदा काटकोनात नसतो, म्हणून कडेवरून मापं घेऊ नका. कर्ण छेदतात तो मध्य धरा. तिथे मागून चौकटीच्या जाडीचा लाकडी ठोकळा टेकवा आणि पुढून जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा, नाहीतर कंपासचं टोक कॅनव्हासमध्ये घुसतं. दोरा ताणला जातो, तो नको. लाकडी पट्टीला एका टोकाशी खिळ्याचं आणि तिथून २४ सेंमीवर पेन्सिलीचं भोक पाडलं की कंपास तयार.

वर्तुळ काढून त्यात एकमेकांना काटकोनात दोन व्यास आखा. आता त्यांच्या चार टोकांवर पाळीपाळीने खिळा ठेवून, त्रिज्या न बदलता, दोन्ही बाजूंना वर्तुळावर खुणा करा. चार टोकं आणि आठ खुणा मिळून बारा बिंदू. प्रत्येक नवी खूण थेट व्यासाच्या टोकावरून आलेली असल्याने चूक साठायला वाव राहत नाही. लगतच्या बिंदूंमधलं सरळ अंतर १२.४ सेंमी भरलं पाहिजे.

पाकळीचा साचा दुमडलेल्या जाड ट्रेसिंग पेपरमधून कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच येतात. मध्यापासून १८ सेंमीवर तिची रुंदी ९.५ सेंमीच्या आत ठेवा. त्याहून रुंद केलीत तर शेजारच्या पाकळीत शिरेल.

प्रश्न : मास्किंग टेप काढली की अ‍ॅक्रिलिकची कड फुटलेली दिसते.

उत्तर : कापडाच्या विणीतून रंग टेपखाली झिरपतो. जेसोचे (रंगाआधी कॅनव्हासला द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा. टेप लावल्यावर तिच्या कडेवरून आधी खालचाच रंग फिरवा. झिरपलं तर तेच झिरपेल, आणि दिसणार नाही. वरचा रंग अर्धवट ओला असतानाच टेप स्वतःवर दुमडून सावकाश ओढा. वळणांवर मात्र टेप सुरकुतते. तिथे लांब केसांचा लायनर ब्रशच बरा.

सगळ्या पाकळ्यांचा रंग एकदाच कालवून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे ओला रंग वाळलेल्याशी जुळवायला गेलात की छटा हमखास चुकते.

प्रश्न : सगळं मापात आहे, पण चित्र छापील वाटतं.

उत्तर : कारण आखणी आणि रंग दोन्ही सारखेच काटेकोर झाले आहेत. आखणी तशीच राहू द्या, पृष्ठभाग मोकळा करा. पातळ गेरूचे हात एकावर एक देऊन ओल्या कापडाने कुठे कमी, कुठे जास्त पुसलेत तर दगडाचा पोत येतो.

निसर्गातली सममिती नीट पाहायची असेल तर सदाफुली हातात घ्या. तिच्या पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एकाच दिशेला कललेल्या असतात. फूल एकपंचमांश फिरवलं तर आकृती तीच राहते, आरशात मात्र तिचा कल उलटतो. तुमच्या बारा पाकळ्यांना असा कल द्यायचा असेल तर साचा दुमडून कापू नका, पूर्ण पाकळी एकदाच हाताने काढून तीच बारा वेळा फिरवा. चित्राला लगेच गती येते.

आणि मध्यभागी काही भरू नका. स्वर्गमंडपात आतल्या बारा खांबांवर छताचं वर्तुळ तोललेलं आहे, पण ते मधोमध उघडं आहे. खालच्या गोल शिळेवर उभं राहिलं की थेट आकाश दिसतं. तुमच्या चित्रात बिंदू, ॐ किंवा सोनेरी चकती आली की तो मोकळेपणा बुजतो. साधारण ६ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ सोडा, त्यात फिकट निळसर पांढऱ्याचा एकच सपाट हात द्या, आणि त्याची कड चित्रातली सगळ्यात गडद रेघ असू द्या.