वादसभा नको, बोंडं आणा: उत्क्रांतीच्या कार्यक्रमाबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी तुमचा विवेकवादी मित्रांचा गट आहे. 12 फेब्रुवारीला, डार्विनच्या जन्मदिनी, उत्क्रांतीवर जाहीर कार्यक्रम घ्यायचं ठरलं, पत्रकं वाटली गेली आणि गावातल्या एका प्रवचनकारांनी आव्हान दिलं, की "माणूस माकडापासून झाला हे मंचावर समोरासमोर सिद्ध करा." गटातली तरुण मंडळी म्हणतात आव्हान घेऊ, ज्येष्ठ म्हणतात कार्यक्रमच गुंडाळू. मी विदर्भात असे कार्यक्रम बरीच वर्षं घेत आलो आहे. माझं मत स्पष्ट आहे. कार्यक्रम घ्याच, वादसभा मात्र घेऊ नका. आणि शक्य असेल तर तारीख बदला.

आधी वादसभेचं. हा प्रयोग अमेरिकेत भरपूर झालेला आहे. ड्युएन गिश नावाचे सृष्टिनिर्मितीवादी (सगळे जीव देवाने आहेत तसेच घडवले असं मानणारे) तिथल्या विद्यापीठांतून जीवशास्त्रज्ञांशी वाद घालत फिरायचे. त्यांची पद्धत अशी, की दहा मिनिटांत वीस दावे फेकायचे. एकेका दाव्याला नीट उत्तर द्यायला पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे समोरचा माणूस दोन-तीन दाव्यांतच अडकायचा आणि उरलेल्यांना "यांच्याकडे उत्तर नाही" असा शिक्का बसायचा. युजिनी स्कॉट यांनी 1994 मध्ये या पद्धतीला 'गिश गॅलप' असं नावच देऊन टाकलं. स्कॉटबाईंनी शाळांत उत्क्रांती शिकवली जावी म्हणून आयुष्यभर काम केलं आणि तरीही अशा मंचावर जाऊ नका असंच त्या सांगत आल्या.

दुसरं उदाहरण 4 फेब्रुवारी 2014 चं. टीव्हीवरून विज्ञान समजावणारे बिल नाय केंटकीतल्या क्रिएशन म्युझियममध्ये जाऊन त्याचे संस्थापक, सृष्टिनिर्मितीवादी केन हॅम यांच्याशी वादसभेत बोलले. मत कशाने बदलेल, असं दोघांनाही विचारलं गेलं. नाय म्हणाले, पुराव्याने. हॅम यांच्या बोलण्याचा अर्थ होता, कशानेच नाही. ऐकणाऱ्याला वाटेल की नाय जिंकले. पण महिन्याभरात हॅम यांनी जाहीर केलं, की नोहाच्या जहाजाच्या त्यांच्या प्रकल्पाला निधी उभा राहिला आणि या वादाची त्यात मदत झाली. ते जहाज 2016 मध्ये उघडलं. मुद्दे कुणाचे बरोबर होते याचा त्या मंचावर निकाल लागत नाही. दोन खुर्च्या शेजारी मांडल्या की पाहणाऱ्याला वाटतं, दोन्ही बाजूंना सारखंच वजन आहे. तेवढंच समोरच्याला हवं असतं.

याच्या उलट पेनसिल्वेनियातल्या डोव्हर गावचा 2005 चा खटला, शाळेत 'इंटेलिजंट डिझाइन', म्हणजे सजीव कुण्या बुद्धिमान कर्त्याने घडवले हे मत, आणण्यावरून झालेला. तिथे शपथेवर साक्ष होती, उलटतपासणी होती, एकेका दाव्याला तासन्‌तास मिळाले. सृष्टिनिर्मितीची बाजू तिथे टिकली नाही. न्यायमूर्ती जोन्स यांनी स्वच्छ लिहिलं, की 'इंटेलिजंट डिझाइन' हे विज्ञान नाही. तुमच्या समाजमंदिरात उलटतपासणी होणार नाही, टाळ्या आणि घोषणा होतील.

आता तारीख. 12 फेब्रुवारीच्या सुमारास बारावीची परीक्षा सुरू झालेली असते आणि दहावीची तोंडावर असते. ज्यांच्यासाठी कार्यक्रम करायचा ती पोरं आणि त्यांचे शिक्षक दोघंही मिळत नाहीत. त्याऐवजी 24 नोव्हेंबर घ्या. 1859 मध्ये याच तारखेला डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रकाशित झाला. दिवाळीची सुट्टी संपलेली असते. आणि तुमच्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेतात कपाशी उभी असते, वेचणी चालू असते आणि बोंडांत गुलाबी बोंडअळी असते. उत्क्रांतीचा याहून जवळचा पुरावा तुम्हाला जगात कुठे मिळणार नाही, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

आदल्या दिवशी दोन-तीन शेतांतून हिरवी, न उमललेली बोंडं आणा. टेबलावर पांढरा कागद अंथरून समोर बसलेल्या शेतकऱ्यांनाच ती फोडायला सांगा. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, कारण अळी बारीक असताना आत शिरते आणि तिचं भोक भरून येतं. फोडलं की आत कवडी झालेला पिवळट कापूस, पोखरलेली सरकी आणि अंगावर गुलाबी पट्टे असलेली अळी. कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या सापडतात. त्या सोडवून दाखवा, आत अळी मुटकुळं करून झोपलेली असते, ती पुढच्या हंगामापर्यंत तशीच राहू शकते. शेतकऱ्याला यातलं काहीच नवीन नाही. डोमकळी (अळीमुळे न उमलता मिटलेलं फूल) कशी दिसते, मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात किती पतंग पडले की फवारणी करायची, हे तो तुम्हाला शिकवेल. शिकवू द्या. मग एकच प्रश्न विचारा: बीटी आलं तेव्हा ही अळी बीटीच्या कपाशीवर मरत होती ना? मग आता का मरत नाही?

उत्तर तुम्ही नीट तयार करून जा. भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातल्या एका जनुकामुळे झाडात असं प्रथिन तयार होतं, की ते अळीच्या आतड्याला चिकटतं आणि अळी मरते. कोट्यवधी अळ्यांत काही थोड्या अशा असतात, की ज्यांच्या आतड्यातली ती चिकटण्याची जागाच जन्मतः थोडी वेगळी असते. साध्या कपाशीत त्यांना त्याचा काही फायदा नव्हता. पण बांधापासून बांधापर्यंत सगळं बीटीच झालं तेव्हा बाकीच्या मेल्या आणि याच उरल्या. उरलेल्यांचे पतंग उरलेल्यांशीच जुळले. 2010 पर्यंत गुजरातेत पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी अळी नोंदली गेली, पुढे दोन जनुकांचं बीटीही तिने पचवलं आणि 2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कपाशीचं काय केलं ते तुमच्या गावात प्रत्येकाला आठवतंय. अळीने काही ठरवलं नाही, कुणी तिला शिकवलं नाही. वेगळेपण आधीपासून होतं, निवड कपाशीने केली. डार्विनचं म्हणणं नेमकं हेच आहे.

इथे अ‍ॅरिझोनाचं उदाहरण जरूर द्या. तीच गुलाबी अळी, तेच बीटी, 1996 पासून. तिथे बीटीच्या जोडीला साध्या कपाशीचा पट्टा लावण्याचा नियम होता आणि शेतकऱ्यांनी तो पाळला. त्या पट्ट्यात साध्या अळ्या जगायच्या, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळायचे आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीवर मरायची. पुढे 2006 पासून वांझ केलेले पतंग सोडले गेले आणि 2018 मध्ये तिथल्या कृषी खात्याने ही अळी अमेरिकेतल्या कापूसपट्ट्यातून संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे उत्क्रांती कशी होते हे कळलं, की ती थोपवण्याचा उपायही काढता येतो. आपल्याकडे 450 ग्रॅमच्या पिशवीबरोबर 120 ग्रॅमची साध्या बियाण्याची पुडी यायची ती याचसाठी. ती किती जणांनी लावली हा प्रश्न मंचावरून विचारू नका. दोन एकरवाल्याला पाच ओळी किडीला सोडायला सांगताना त्या का सोडायच्या हे कुणी समजावलं नव्हतं. त्याच 2017 च्या हंगामात तुमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली आहेत. त्या घरांतली माणसं समोर बसलेली असू शकतात. वक्त्याने दोषाची भाषा केली तर मी त्याला मधेच थांबवीन.

शक्य असल्यास नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेतल्या किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या कीटकशास्त्राच्या माणसाला बोलवा. "उत्क्रांतीवर बोला" म्हटलं तर ते संकोचतात, "अळी बीटीला का जुमानत नाही" म्हटलं की तासभर रंगून बोलतात. विषय एकच आहे.

यावर हमखास येणारी हरकत: "अळीची अळीच राहिली, दुसरा प्राणी कुठे झाला?" रास्त प्रश्न आहे, झटकू नका. यासाठी जमिनीवरच्या प्राण्यापासून व्हेल कसा झाला हे दाखवणारी जीवाश्मांच्या चित्रांची मालिका ठेवा, तीही आपल्याच भूमीतली. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकाने जम्मूच्या कालाकोट भागातून जीवाश्मांचे दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात पत्नीने ते हान्स थेविसेन या संशोधकाकडे सोपवले. दगडातून एक कवटी सोडवताना तिचा कानाकडचा भाग फुटला आणि आत हाडाची जाड भिंत दिसली, तशी भिंत व्हेलच्या कानात असते. प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांचा, खूर असलेला, सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. इंडोह्यस असं त्याचं नाव, शोधनिबंध 2007 चा. त्याच्याशेजारी कच्छमध्ये सापडलेला कच्छीसीटस ठेवा, पाणमांजरासारख्या अंगलटीचा, आखूड पायांचा, पूर्वज-व्हेलांतला एक. ही चित्रं ओळीने भिंतीवर लावली की लोक स्वतःच पाय आखडत गेलेले बघतात, फार बोलावं लागत नाही.

भिंतीवर एक चित्र मात्र लावू नका: वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एका रांगेत चालणारं. मूळ चित्र 1965 चं, सगळीकडे दिसतं, आणि "मग माकडं अजून का आहेत?" हा प्रश्न त्यानेच तयार केलेला आहे. चिंपांझी आपले आजोबा नाहीत, चुलत भाऊ आहेत. त्यांचे आणि आपले समाईक पूर्वज साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वीचे, तेही आज नाहीत. फांद्या फुटलेलं झाड काढा, रांग नको. कुणी खोलात विचारलंच तर गुणसूत्रांचं सांगा: चिंपांझी, गोरिला यांच्या 24 जोड्या, आपल्या 23, आणि आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्राच्या मध्यावर दोन टोकं जुळल्याची खूण आजही वाचता येते.

मुलांसाठी मनगटाचा खेळ ठेवा. अंगठा करंगळीला टेकवायचा, मनगट थोडं आत वाकवायचं. बहुतेकांच्या मनगटाच्या मध्यावर एक दोरीसारखी शीर उभी राहते, तो एका जुन्या स्नायूचा कंडरा. काहींना ती नसतेच, कुणाला एकाच हाताला असते, आणि पकडीत काही फरक पडत नाही. क्षणात सगळं सभागृह एकमेकांची मनगटं बघायला लागतं.

आता दशावतार. तुमच्याकडे हा मुद्दा नक्की येईल आणि बहुधा त्या प्रवचनकारांकडूनच: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, म्हणजे आपल्याकडे हे आधीच होतं. अमेरिकन साहित्याची नक्कल करून आलेले वक्ते इथे गडबडतात. तिकडचा वाद बायबलवरून मोजलेल्या सहा हजार वर्षांच्या पृथ्वीवरून आहे. आपल्या पुराणांत कल्पच 432 कोटी वर्षांचा असतो, त्यामुळे पृथ्वीच्या वयावरून इथे कुणी भांडत नाही. दशावतार आणि उत्क्रांती यांच्या तुलनेची गंमत हाल्डेन यांच्यासारख्या मोठ्या जीवशास्त्रज्ञालाही वाटली होती, ते 1957 मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले आणि इथलेच झाले. शांतपणे एवढंच सांगा: दशावतारात दर वेळी भगवंत स्वतः रूप घेतात आणि क्रम सरळ एका रेषेत आहे. त्यात माशापासून कासव जन्मत नाही. उत्क्रांती सांगते ती पिढ्यान्‌पिढ्यांची, फांद्या फुटणारी वंशावळ. दशावतार ही भक्तीची कथा आहे, तिला जीवशास्त्राची परीक्षा द्यायला लावणं तिच्यावरही अन्याय आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर देवाधर्माला विरोध नाही हे सातत्याने का सांगत, ते अशा सभेत कळतं. देव आहे की नाही हा विषय त्या दिवशी मंचावर येऊ देऊ नका. सभेत ख्रिस्ती मंडळी असतील तर पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्येच उत्क्रांती ही गृहीतकापलीकडे गेल्याचं मान्य केलं होतं, हे सांगायला हरकत नाही.

जानेवारी 2018 मध्ये सत्यपाल सिंह या तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) डार्विन चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, असं विधान केलं. तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. पुढे एनसीईआरटीने दहावीतून उत्क्रांती वगळली, बारावीच्या जीवशास्त्रात ठेवली. म्हणजे सीबीएसईचं जे पोर दहावीनंतर वाणिज्य घेईल त्याची उत्क्रांतीशी शाळेत गाठच पडणार नाही. 2023 मध्ये 1800 हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी याविरोधात पत्र लिहिलं. मला या गोष्टीचा मनापासून राग आहे. पण आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. तुमच्या गावातल्या मुख्याध्यापकांकडे तेच पुस्तक घेऊन जा. "तुमच्या पहिल्या धड्याचं प्रात्यक्षिक आहे" म्हटलं की शाळा स्वतः मुलं पाठवते.

राहिले प्रवचनकार. त्यांना गटाच्या दोन ज्येष्ठांनी घरी जाऊन भेटावं, फोनवर नको. लेखी पत्र द्यावं, साधारण असं: "महाराज, आम्ही वादसभा ठेवलेली नाही, प्रदर्शन आणि व्याख्यान ठेवलं आहे. आपण अवश्य यावं, पुढच्या रांगेत बसावं, आपल्या शंका चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. प्रत्येक चिठ्ठी वाचून दाखवली जाईल." आणि मग खरंच प्रत्येक चिठ्ठी वाचा, टोचणारी असली तरी. वेळ संपला तर उरलेली उत्तरं लिहून वाचनालयाच्या फलकावर लावा. माईक मात्र संचालकाच्या हातातून सुटू देऊ नका. पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या.

तारीख ठरली की कळवा. व्हेलमालिकेची मराठी पोस्टरं माझ्याकडे छापायच्या फाईलीत आहेत, ती पाठवतो. नोव्हेंबरात वेचणीतून मोकळीक मिळाली तर मीही येईन.