बारावीनंतर शिक्षण सोडून पूर्णवेळ संगीत करावं का?

सोडू नका, संगीतावर घर चालतं, पण बहुतेकांचं ते शिकवण्यांवर चालतं, कार्यक्रमांवर नाही. मी हार्मोनियमची साथ करतो: गणपती ते दिवाळी पहाट तारखा पुरत नाहीत, जूनमध्ये मात्र क्लासची फी तेवढी येते. शाळेत संगीत शिक्षक व्हायचं तर नुसता हात तयार असून भागत नाही, विशारद या संगीत परीक्षेचा किंवा पदवीचा कागद मागतात. स्वतः चाली बांधत असाल तर गोष्ट जरा वेगळी: 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सिनेगीतांच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा निर्मात्याला लिहून देता येत नाही. वादकाच्या हातात बहुधा त्या दिवसाचं पाकीटच पडतं. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीतातच पदवी करता येते, तेही बघा.