मिठाईच्या डब्याला लॅमिनेशन नको: छपाईला टाकण्याआधी एवढं वाचा

ताई, तुम्ही विचारलंय की इंदूरमधला तुमचा घरगुती मिठाई-फराळाचा व्यवसाय आता प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी कागदी डब्यांवर न्यायचाय, आणि छपाईवाला चकचकीत लॅमिनेशनवाला, म्हणजे वर प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवलेला डबा सुचवतोय, "शेवटी कागदच आहे, रिसायकल होतो" म्हणून. इथल्या सांवेर रोडच्या औद्योगिक भागात डब्या-खोक्यांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्या आधारावर सांगतो: तो डबा घेऊ नका.

कारण कागद गिरणीत गेल्यावर कळतं. रद्दीतला गत्ता तिथे हायड्रापल्परमध्ये पडतो. पाण्याची मोठी टाकी, आत फिरणारं पातं. कागद भिजतो, तंतू सुटे होतात. कुरियरच्या खोक्यातली स्टार्चची खळ पाण्यात निघून जाते, लोखंडी पिना जड असल्याने वेगळ्या काढता येतात. लॅमिनेशनची फिल्म मात्र विरघळत नाही. तिचे तुकडे चाळण्यांवर अडकतात आणि त्यांना चिकटलेले चांगले तंतूही त्यांच्याबरोबर कचऱ्यात जातात. टेपचा आणि हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावायच्या गोंदाचा चिकटा तर त्याहून त्रासदायक. तो बारीक होऊन लगद्यात मिसळतो, मशीनच्या जाळीवर बसतो, नव्या कागदावर डाग पाडतो. म्हणून रद्दीवाले साधा तपकिरी गत्ता आनंदाने घेतात आणि सोनेरी-चंदेरी डबे बाजूला टाकतात.

नमुना हातात आला की एक कोपरा सावकाश फाडा. कडेला पारदर्शक पापुद्रा ताणला गेला, तर फिल्म आहे. शंका राहिली तर तो तुकडा रात्रभर बादलीत भिजत ठेवा आणि सकाळी बोटांनी चोळा. साधा किंवा वार्निश केलेला बोर्ड सुटत जाऊन लगदा होतो. लॅमिनेशनवाल्या बोर्डाची आतली बाजू सुटते आणि छापील बाजू चकचकीत पापुद्र्यासारखी अख्खी हातात राहते. छपाईवाल्यासमोर हा पापुद्रा ठेवलात की वाद मिटतो.

कायद्याची बाजूही याच पापुद्र्याशी जोडलेली आहे. प्लॅस्टिक कचऱ्याच्या नियमांत उत्पादकाची जी वाढीव जबाबदारी, म्हणजे ईपीआर, २०२२ मध्ये सविस्तर आली, तिच्यात तिसरा वर्ग बहुस्तरीय पॅकेजिंगचा आहे: एक तरी थर प्लॅस्टिकचा आणि एक तरी थर दुसऱ्या कशाचा. फिल्म चढवलेला डबा या व्याख्येत बसतो, मग त्यावर हिरवं पान छापा नाहीतर रिसायकलचे तीन बाण. शिवाय मिठाईच्या डब्यांवर गुंडाळायची प्लॅस्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या प्लॅस्टिकवरच्या बंदीत आहे, तेव्हा दिवाळीच्या गिफ्टपॅकला ती लावायचा विचारही करू नका. कागद, काच आणि धातूच्या पॅकेजिंगसाठी वेगळ्या ईपीआरचा मसुदा डिसेंबर २०२४ मध्ये निघाला, त्यात १ एप्रिल २०२६ ही तारीख धरली होती. नेमकं तुमच्या आकाराच्या उद्योगाला काय लागू आहे, ते आपल्या सीएला विचारून घ्या.

मग घ्यायचं काय? पाण्याच्या बेसचं वार्निश मागा. लॅमिनेशनइतकी चमक येत नाही, पण रंग छान दिसतात. पारदर्शक खिडकी काढून टाका, त्याजागी मिठाईचं चित्र छापा. तुपाचा डाग पडेल ही तुमची भीती रास्त आहे. त्यासाठी आत ग्रीसप्रूफ, म्हणजे तूप आरपार न जाऊ देणारा कागद सुटा घाला, चिकटवून नव्हे. गिऱ्हाईक तो उचलून टाकतं आणि डबा कोरडा राहतो. आपल्याकडे घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा द्यायची सवय लागली आहे, ही या शहराने कमावलेली फार मोठी गोष्ट आहे. पण तुपाने माखलेला डबा सुक्यात टाकला, तर त्याच्याबरोबरचा चांगला कागदही खराब होतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. "शंभर टक्के रिसायकल" ऐकून मिठाईला थेट लागेल अशा जागी राखाडी पाठीचा डुप्लेक्स बोर्ड, म्हणजे रद्दीपासून केलेला पुठ्ठा वापरू नका. त्यात जुनी वर्तमानपत्रं असतात, त्यांच्या शाईतलं खनिज तेल बोर्डात उरतं आणि तुपट पदार्थात उतरतं. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे, तरी सकाळचे पोहे-जिलेबी आजही कितीतरी ठिकाणी छापील कागदावर मिळतात आणि लहान मुलं ती शाई लागलेली जिलेबी खातात. हे बघून मला फार वाईट वाटतं. आतल्या डब्याला व्हर्जिन, म्हणजे रद्दीतून न आलेल्या नव्या तंतूंचा एफबीबी (फोल्डिंग बॉक्स बोर्ड) घ्या. रिसायकल कागद बाहेरच्या खोक्यात वापरा, तिथे त्याची खरी जागा आहे. कागदाचे तंतू रिसायकलच्या दर फेरीत आखूड आणि कमजोर होतात, तरी अर्धा-एक किलोच्या पार्सलला तीन-प्लाय (तीन थरांचा) खोका पुरतो. तो पाण्याने चिकटणाऱ्या कागदी टेपने बंद करा आणि मापाचा घ्या, म्हणजे आत भर घालावी लागत नाही.

ऑर्डरवर तोंडी भरवसा नको. एफबीबी, साधारण ३०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे बोर्डाचं वजन), पाण्याच्या बेसचं वार्निश, लॅमिनेशन नाही, खिडकी नाही, आतून छपाई नाही, असं सगळं लिहून घ्या. पहिल्या लॉटमधला एक डबा भिजवून बघितल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.