बाटली गार, हात सावकाश: स्पार्कलिंग वाईनबद्दल वाचकांचे प्रश्न

दसरा सरला की या विषयावरची पत्रं वाढतात, ती नव्या वर्षाचा पहिला आठवडा संपेपर्यंत येत राहतात. या वेळी बहुतेक पत्रं बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यातली आहेत. उत्तरं अर्थातच पिण्याचं कायदेशीर वय झालेल्यांसाठी.

भाऊबीजेला मोठे अण्णा बेंगळूरहून रात्रीच्या बसनं येताना एक ब्रूट (कोरडी, म्हणजे गोड नसलेली स्पार्कलिंग वाईन) घेऊन आले. दुपारी तासभर फ्रीजच्या दारात ठेवली आणि पानं घेताना उघडली, तर बूच छताला आणि अर्धी वाईन सतरंजीवर! बाटली खराब होती का? (टिळकवाडी, बेळगाव)

बाटली चांगली होती, घाई नडली. पारंपरिक पद्धतीनं, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेल्या स्पार्कलिंगच्या बाटलीत 20 अंश सेल्सिअसला वातावरणाच्या सुमारे सहापट दाब असतो. मोटारीच्या टायरात असतो त्याच्या अडीचपट म्हणा ना. हा सगळा कार्बन डायऑक्साइड वायू वाईनमध्ये विरघळलेला असतो, आणि वाईन जितकी गार तितका तो आत टिकून राहतो. तुमच्या बाटलीत दोन गोष्टी एकदम झाल्या. रात्रभर बसमध्ये हिंदकळून वाईनभर बारीक बुडबुडे पसरले. बूच निघताच वायू या बुडबुड्यांत शिरतो, ते फुगतात आणि वाईनला घेऊनच वर येतात. त्यात तासाभरात फ्रीजच्या दारात बाटली जेमतेम 17-18 अंशांपर्यंत उतरते. आतली वाईन गरमच, बाहेरची काच तेवढी गार.

प्रवास करून आलेली बाटली निदान एक दिवस उभी, न हलवता ठेवा. मग फ्रीजच्या आतल्या कप्प्यात तीन ते चार तास. दारात नको, कारण दर उघडझाकीला ती हलते. वाईन 6 ते 8 अंशांवर आली की उघडायला योग्य.

वेळच नसेल तर स्टीलची खोल बादली घ्या. त्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी घालून बाटली मानेपर्यंत बुडवा. पंचवीस-तीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ घातला तर खड्यांमधल्या हवेमुळे काचेला गारवा कमी लागतो. पाणी मात्र काचेला सगळीकडून लागून असतं. दोन मुठी जाडं मीठ टाकलंत तर आणखी पाच-दहा मिनिटं वाचतात. फ्रीझरमध्ये ठेवायचीच असेल तर वीस मिनिटांचा गजर लावून. विसरलात तर वाईन गोठून फुगते आणि बूच ढकलून देते, किंवा बाटलीच तडकते.

उघडताना आधी वरचा कागद काढा. तारेच्या जाळीचा पीळ साधारण सहा अर्धे वेढे असतो. तो सोडवायला लागल्यापासून अंगठा बुचावरून उचलायचा नाही. जाळी सैल झाली की बूच स्वतःहून सुटू शकतं. जाळी काढूही नका, ती बुचाला धरूनच राहू द्या, पकड चांगली बसते. बाटली तिरकी धरा, तोंड माणसांकडे नको आणि ट्यूबलाइटकडेही नको. एका हातात बूच घट्ट धरून दुसऱ्या हातानं बाटली बुडाकडून फिरवा. फिरवायची ती बाटली, बूच नव्हे. बूच वर येऊ लागलं की त्याला उलट दाबून धरा, म्हणजे फुस्स असा हलका आवाज होतो. लग्नाच्या व्हिडिओतला तो 'ठो' म्हणजे वाया गेलेला वायू, आणि डोळ्याला लागला तर दवाखाना.

दुकानदारानं 'एक्स्ट्रा ड्राय' म्हणून दिली ती चक्क गोडसर लागली. फसवलं का? फराळासोबत कोणती घ्यावी? (शहापूर)

नाही फसवलं, शब्दच फसवा आहे. युरोपातल्या नियमानुसार 'ब्रूट'मध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, 'एक्स्ट्रा ड्राय'मध्ये 12 ते 17, 'सेक' किंवा 'ड्राय'मध्ये 17 ते 32, 'डेमी-सेक'मध्ये 32 ते 50. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय ही ब्रूटपेक्षा गोडच. सर्वांत कोरडी हवी असेल तर 'ब्रूट नेचर' शोधा, तिच्यात लिटरला 3 ग्रॅमपेक्षाही कमी साखर असते. इटलीच्या प्रोसेक्कोत एक्स्ट्रा ड्राय खूप मिळते. स्पेनची कावा आणि आपल्या नाशिककडच्या बाटल्या बहुधा ब्रूट असतात.

फराळाचं म्हणाल तर चकली, कडबोळी, शेव आणि पातळ पोह्यांचा चिवडा यांच्यासारखी जोडी ब्रूटला दुसरी नाही. तळणीचं तेल जिभेवर थर धरतं; आंबटपणा आणि बुडबुडे तो थर धुऊन काढतात, आणि मिठानं वाईनचा आंबटपणा मऊ वाटतो. शंकरपाळी बेताची गोड असेल तर एक्स्ट्रा ड्राय. करंजीला डेमी-सेक. कुंद्याबरोबर मात्र काहीच घेऊ नका. गोड पदार्थासोबतची वाईन पदार्थापेक्षा गोड असावी लागते, आणि आपल्या कुंद्यापुढे डेमी-सेकसुद्धा लिंबूपाण्यासारखी आंबट लागते. मांड्यांचंही तेच. कुंदा चहाबरोबर खावा, त्यात कमीपणा काही नाही.

सुक्क्या मटणाबरोबर बुडबुडे चालतील? (वडगाव)

लाल तिखट सढळ असेल तर नको. मिरचीचा तिखटपणा म्हणजे चव नव्हे, दाह आहे. अल्कोहोल तो वाढवतं आणि बुडबुड्यांच्या टोचणीनं त्यात भर पडते. घ्यायचीच तर थोडी गोडसर आणि खूप गार. पांढरा रस्सा, रव्यात तळलेली सुरमई, कांदाभजी यांच्याबरोबर ब्रूट बेधडक घ्या.

आम्ही निपाणीत राहतो, पाहुणे कोल्हापुरात. दर नाताळात चोर्ला घाटानं गोव्यालाही जातो. इकडची बाटली तिकडे आणि तिकडची इकडे नेली तर काय होतं? (निपाणी)

दारूचा कर आणि कायदा ज्या त्या राज्याचा. कोगनोळीच्या अलीकडे कर्नाटकचा, पलीकडे महाराष्ट्राचा, चोर्ला उतरलात की गोव्याचा. बाटलीच्या लेबलवर ती कोणत्या राज्यात विक्रीसाठी आहे ते छापलेलं असतं, आणि तपासणारा आधी तेच वाचतो. बिल जवळ आहे म्हणून सुटका होत नाही. बिल खरेदीचा पुरावा आहे, वाहतुकीचा परवाना नव्हे. परवान्याशिवाय बाटली जप्त होऊ शकते, गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. एका बाटलीसाठी हा ताप कशाला? गोव्यात घेतलेली गोव्यातच संपवा, कोल्हापुरातली कोल्हापुरातच घ्या. पाहुण्यांकडे निपाणीहून नेण्याजोगं दुसरं पुष्कळ आहे.

आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे बेळगावहून जांबोटीकडे वगैरे नेणार असाल तर सूचना वेगळ्या. डिकी नको. उन्हात उभ्या गाडीत तापमान सहज 50 अंशांपुढे जातं. जाड काच बहुतेक वेळा तग धरते, पण एका दुपारीत वाईनचा ताजेपणा उडून शिजवल्यासारखा वास येतो आणि बूच वर सरकतं. बाटली ओल्या पंच्यात गुंडाळा, बर्फाच्या खोक्यात उभी ठेवा, मध्ये टॉवेल कोंबा म्हणजे वळणावर आपटणार नाही. पारदर्शक काचेची असेल, गुलाबी वाईनची बहुधा असते, तर उजेडापासूनही जपा. थेट उन्हात तिला तासाभरात शिजलेल्या कोबीचा वास लागू शकतो. पोहोचल्यावर दोन-तीन तास तिला विसरून जा. आणि ग्लास हातात घेणाऱ्यानं परतीचं स्टिअरिंग धरायचं नाही. वळणं तीच असतात, आपण तसे राहत नाही.

मुलगा दुबईहून मुंबईमार्गे सांबऱ्याला (बेळगावच्या विमानतळावर) उतरणार आहे. तीन शॅम्पेन आणतो म्हणतोय. विमानात फुटणार नाहीत ना? (खानापूर)

फुटण्याची भीती नको. सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच हवेचा दाब राखलेला असतो. जमिनीवरचा आणि तिथला फरक फार तर पाव वातावरणाचा. सहा वातावरणं सोसणाऱ्या काचेला त्याचं काय? खरी भीती बॅग आपटली जाण्याची. जाड जीन्समध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवायला सांगा, कडेला नको. एक भरलेली बाटली सुमारे 1.6 किलोची असते, तेव्हा वजनाचा हिशेब आधी करा.

तीन मात्र नकोत. परदेशातून येताना प्रवाशाला 2 लिटरपर्यंतच दारू करमुक्त आणता येते. 750 मिलिलिटरच्या दोन म्हणजे दीड लिटर, तिसरीला सव्वादोन होतात आणि जकात लागते. दुसरं म्हणजे ड्यूटी-फ्रीची पिशवी हातात घेऊन पुढच्या विमानाच्या सुरक्षा तपासणीला जाऊ नये. मुंबईत कस्टमबाहेर पडलं की बाटल्या मोठ्या बॅगेत घालायच्या आणि ती बॅग बेळगावच्या विमानासाठी चेक-इन करायची.

आमच्याकडे बेदाण्याची द्राक्षं भरपूर. घरच्या घरी बुडबुड्यांची वाईन करता येईल का? (अथणी तालुका)

करू नका. परवान्याशिवाय दारू गाळणं बेकायदा आहे, हे एक. पण कायदा बाजूला ठेवला तरी द्राक्ष चुकीचं आहे आणि बाटली धोक्याची.

बेदाण्याचं थॉमसन सीडलेस वेलीवर ठेवतात ते साखर भरावी म्हणून. स्पार्कलिंगला नेमकं उलटं लागतं: आम्लता चढी आणि साखर बेताची, साधारण 17 ते 19 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढलेलं द्राक्ष. नाशिकला यासाठी शेनिन ब्लांक मोठ्या प्रमाणावर वापरतात. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात शार्दोने, पिनो न्वार आणि म्युनिए.

मग दुसरं आंबवण. तयार कोरड्या वाईनमध्ये लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. लिटरला 4 ग्रॅम साखर आंबली की साधारण एक वातावरण दाब तयार होतो, म्हणून 24 ग्रॅमला सहा. 750 मिलिलिटरच्या बाटलीत ही साखर होते 18 ग्रॅम, म्हणजे चहाचे साडेचार चमचे. एवढ्याशा साखरेला पाऊण किलोहून जड काच लागते, यावरून अंदाज करा. घरी होतं काय, तर रस अर्धवट आंबलेला असताना 'आता बुडबुडे दिसतायत' म्हणून बूच ठोकतात. तेव्हा लिटरला 40 ग्रॅम साखर जरी उरली असेल तरी दाब दहा वातावरणांकडे जातो. साधी बाटली त्याआधीच फुटते, आणि एक फुटली की शेजारच्या चार घेऊन फुटते. शॅम्पेनच्या जुन्या तळघरांत कामगार तोंडाला लोखंडी जाळीचे मुखवटे बांधून वावरत, ते याच कारणानं.

शेजारणीच्या ग्लासात बुडबुडे नाचतात, माझ्याकडे सोड्याचं पाणी दिसतं. बाटली तीच! (कॅम्प, बेळगाव)

ग्लास बघा. भांड्याच्या साबणाचा अंश किंवा तेलकटपणा राहिला तर फेस बसतो. चकलीच्या हातानं काठ धरलात तरी पुरतं. गरम पाण्यानं दोनदा विसळा, पालथा निथळू द्या, मग सुती कापडानं आतून पुसा. बुडबुडा गुळगुळीत काचेवर सहसा जन्मत नाही, त्याला कापडाच्या सुतासारखा बारीक तंतू लागतो ज्यात हवेचा कण अडकलेला असतो. म्हणून अगदी निर्मळ ग्लासही मंद दिसतो. ओतताना ग्लास तिरका धरा आणि वाईन कडेनं सोडा, वायू जास्त टिकतो. दोन तृतीयांशच भरा. 125 मिलिलिटरच्या हिशेबानं एका बाटलीत सहा ग्लास होतात. स्टीलच्या पेल्यात चवीला बिघडत नाही, पण बघायला काही मिळत नाही.

उरलेल्या बाटलीत चांदीचा चमचा उलटा ठेवला तर वायू टिकतो म्हणतात. खरं? (जांबोटी)

नाही. चमच्यानं काहीच होत नाही; टिकते ती फ्रीजच्या गारव्यामुळे. कडेला चिमटे असलेलं स्पार्कलिंगचं झाकण मिळतं, ते लावून फ्रीजमध्ये ठेवलीत तर दोन दिवस, क्वचित तीन. मूळ बूच पुन्हा बसत नाही, ठोकून बसवलंत तर रात्री फ्रीजमध्ये धडका देईल. अगदीच बसलेली वाईन असेल तर तिसऱ्या (शिंपल्या) शिजवून उघडताना पाण्याऐवजी अर्धी वाटी घाला, वर ठेचलेला लसूण.