बिग टेन, म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या एका मोठ्या गटातल्या हेड कोचची क्रमवारी लावायची तर पहिले पाच कोण?

पहिला कर्ट सिग्नेटी, यावर वाद नको. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्ये ३-९ होता, म्हणजे तीन विजय, नऊ पराभव. हा बाबा आला, पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकला आणि दुसऱ्या वर्षी १६ पैकी १६ जिंकून राष्ट्रीय विजेता.

दुसरा माझ्या यादीत आयोवाचा कर्क फेरेंट्झ. ओहायो स्टेटचा रायन डे नाही. इथे बरेच जण वाचायचं सोडतील, त्यात ओहायो स्टेटच्याच गावात, कोलंबसला राहणारे आमचे दाजी पहिले.

सप्टेंबर २०२२. आप्पा, म्हणजे माझे वडील, पहिल्यांदाच अमेरिकेत आले होते. वाळव्याकडच्या एका हायस्कूलात तीस वर्षं पीटीचे मास्तर, जीव सगळा कबड्डीत. त्यांना आयोवाच्या किनिक स्टेडियमला घेऊन गेलो. समोर साउथ डकोटा स्टेट, खालच्या विभागातला संघ. आयोवा ७-३ जिंकली आणि त्या सातात एकही टचडाउन नाही, म्हणजे बॉल पार शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळणारे सहा गुण एकदाही नाहीत! एक फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला, तीन गुणांचा), दोन सेफ्टी. आपलेच लोक हुर्यो उडवत होते. एवढं महागडं तिकीट काढून वडिलांना हे दाखवतोय म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पा मात्र पहिल्या सेफ्टीला ताठ बसले. समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, पाडलं की दोन गुण, एवढंच मी सांगितलं. “म्हणजे सुपर टॅकलच की रे!” मग टोरी टेलर, आयोवाचा ऑस्ट्रेलियन पंटर (बॉल लाथेने लांब मारून समोरच्याला देणारा), दरवेळी बॉल पार त्या टोकाला नेऊन टाकायला लागला, तसं म्हणाले, “ह्यांच्याकडं चढाईला पोरगंच न्हाई. मास्तराला ते ठावं हाय, म्हणून पकडीवर खेळतोय.”

पुढच्या वर्षी आक्रमणात देशात सर्वांत कमी यार्ड, म्हणजे सर्वांत कमी अंतर, पुढे सरकणारी आयोवाच होती, आणि तिने १० सामने जिंकले. आयोवा राज्याची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास. नावाजलेली पोरं ओहायो स्टेटला जातात. उरलेल्यांना घेऊन हा माणूस १९९९ पासून तिथेच आहे, आणि २०२५ मध्ये त्याने ओहायो स्टेटचे जुने कोच वुडी हेज यांचा बिग टेनमधला २०५ विजयांचा विक्रम मोडला. डेला २०१९ मध्ये भरलेलं ताट मिळालं. ते सांडू न देणं हीसुद्धा कला आहे, मान्य. पण कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून ओळीने चार वर्षं हरला ना?

दाजींचं एकच पालुपद: “ट्रॉफी दाखव.” डेने २०२४ च्या हंगामाची राष्ट्रीय ट्रॉफी जिंकली, नोत्र दामला ३४-२३ हरवून, तेव्हापासून तर फारच. आप्पा जिल्ह्याच्या फायनलला तीनदा हरले. संस्थेने चौथ्या वर्षी दुसरा मास्तर आणून ठेवला आणि त्याच वर्षी शिल्ड आली. खेळणारी सात पोरं आप्पांनी पाचवीपासून घडवलेली. फोटोत आप्पा नाहीत. दाजींना हे माहीत आहे, तरी ते जेवणाच्या ताटावर हा विषय काढतात.

तर तिसरा डे, चौथा ओरेगनचा डॅन लॅनिंग, पाचवा इलिनॉयचा ब्रेट बिलेमा. बाकीच्यांत फारसा फरक नाही.

हो, फेरेंट्झ काही संत नव्हे. आक्रमणाचा ज्याने विचका केला तो कोऑर्डिनेटर त्याचाच मुलगा, आणि त्याला वर्षानुवर्षं पाठीशी घातलं. २०२० मध्ये माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी मिळालेल्या वागणुकीबद्दल तक्रारी केल्या, त्या गंभीर होत्या. यासाठी त्याला कुणी खाली टाकलं तर मी भांडणार नाही. ट्रॉफीसाठी टाकलं तर भांडेन.

२०२२ मध्येच ओहायो स्टेटने आयोवाला ५४-१० धुतलं. दाजी तो आकडा अजून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी उलट २०१७ चा ५५-२४ पाठवतो, किनिकवरचा. तेव्हा डे हेड कोच नव्हता, हे ते दरवेळी सांगतात. कोचिंग स्टाफमध्ये होता, हे मी दरवेळी सांगतो.